फिटच्या गोळ्या सुरू झाल्यात? मग घरात आधी हे लावून घ्या

न्यूरॉलॉजिस्टच्या केबिनमधून बाहेर पडताना आपल्या हातात एक चिठ्ठी असते. तिच्यावर एक-दोन गोळ्यांची नावं आणि खाली ‘तीन महिन्यांनी दाखवा’. मधल्या तीन महिन्यांत घरात काय काय करायचं, हे सांगायला त्या गर्दीत कोणालाच सवड नसते. माझ्या लेकीला सातवीत असताना अपस्माराचं, म्हणजे फिट येण्याच्या आजाराचं, निदान झालं. आता ती कॉलेजात आहे आणि गोळ्या चालू आहेत. ज्यांच्या घरात हे नुकतंच सुरू झालंय, त्यांच्यासाठी सगळं एका जागी लिहून ठेवते आहे. नाशिकमध्ये राहणाऱ्यांना जास्त उपयोगी पडेल, कारण इथलेच दवाखाने, इथलाच पाऊस आणि इथलीच शेती डोळ्यांसमोर आहे.

मी डॉक्टर नाही. कोणती गोळी, किती मिलिग्रॅम, हे मी सांगणार नाही. कोणी आत्या-मावशी सांगायला लागली तर तिचंही ऐकू नका.

जागतिक आरोग्य संघटना सांगते की नीट निदान आणि उपचार मिळाले तर अपस्माराच्या ७० टक्क्यांपर्यंत रुग्णांच्या फिट थांबू शकतात. तरी कित्येक घरांत मध्येच फिट येते आणि ‘गोळी लागू पडत नाही’ असं सगळे म्हणू लागतात. जरा खोदून विचारलं की आदल्या रात्रीचा सुटलेला डोस निघतो, नाहीतर बदललेली कंपनी, लग्नघरातलं जागरण, अंगात असलेला ताप. कधी गोळी खरंच कमी पडते आणि ती डॉक्टरांना बदलावी लागते. पण आपल्या बाजूने काही सुटलेलं नाही याची खात्री असेल, तरच त्यांना तो निर्णय नीट घेता येतो.

१. कागद एका फाइलमध्ये

प्रत्येक भेटीला हे बरोबर असू द्या:

- आजवरच्या सगळ्या चिठ्ठ्या, तारखेप्रमाणे लावलेल्या
- ईईजीचा (मेंदूच्या लहरींच्या तपासणीचा) रिपोर्ट, एमआरआय किंवा सीटी स्कॅनची फिल्म आणि रिपोर्ट
- ॲडमिट झाला असाल तर डिस्चार्ज कार्ड
- रक्ताचे रिपोर्ट
- चालू गोळ्यांच्या स्ट्रिप (रिकामी स्ट्रिपही चालते, नाव आणि मात्रा वाचता आली पाहिजे)
- बीपी, शुगर, थायरॉइड, टीबी, दमा अशी इतर काही औषधं चालू असतील तर त्यांची यादी
- लहान मूल असेल तर ताजं वजन, कारण मात्रा वजनावर ठरते
- सरकारी दवाखान्यात किंवा योजनेत जायचं असेल तर आधार आणि रेशनकार्ड
- फिटची डायरी

डायरीचं मोठं काही नाही, शाळेची शंभर पानी वही पुरते. ‘फिट आली’ एवढंच लिहून मात्र उपयोग नाही. असं लिहा: ‘पहाटे पावणेसहा, झोपेतून. आधी डावा हात ओढला गेला, मग सगळं अंग. अंदाजे दीड मिनिट. जीभ चावली, लघवी झाली. नंतर अर्धा तास गुंगीत. आदल्या दिवशी ताप, रात्रीची गोळी घेतली होती.’ फिट आधी एका बाजूने सुरू झाली की एकदम सगळ्या अंगाला आली, यावरून औषधाची निवड बदलू शकते. शिवाय घरात दुसरं कोणी असेल तर मोबाइलवर व्हिडिओ काढायला सांगा. नातेवाइकांना विचित्र वाटतं, पण डॉक्टर तो व्हिडिओ दोनदा बघतात.

डोळे टक्क लावून काही सेकंद हरवणं, ओठ चाटत राहणं, सकाळी हातातून कप उडणं, या गोष्टीही लिहा. त्याही फिटच असू शकतात.

२. केबिन सोडण्याआधी पाच प्रश्न

घरून कागदावर लिहून न्या. आत गेलं की आठवत नाही.

गोळी जेवणाआधी की नंतर? डोस चुकला तर किती तासांपर्यंत घ्यायचा? गोळी घेतल्यावर उलटी झाली तर परत द्यायची का, आणि किती वेळात झाली तर? कोणतं लक्षण दिसलं की फोन करायचा? घरी फिट थांबली नाही तर काय द्यायचं?

डॉक्टरांनी मात्रा हळूहळू वाढवायला सांगितली असेल (पहिला आठवडा अर्धी, मग एक) तर ते कॅलेंडरवर लाल पेनाने उतरवून घ्या. लॅमोट्रिजिनसारख्या गोळीची मात्रा घाईने वाढवली तर अंगावर गंभीर पुरळ येण्याचा धोका असतो. ‘हळू’ सांगितलंय तर हळूच.

३. मेडिकलवर गोळी घेताना

सगळ्यात जास्त गडबड इथे होते, म्हणून जरा सविस्तर.

चिठ्ठीवर नुसतं नाव असत नाही. नावापुढे सीआर, ईआर, एक्सआर, क्रोनो अशी शेपटी असते आणि मग आकडा: २००, ३००, ५००. ती शेपटी म्हणजे औषध शरीरात हळूहळू सुटणारी गोळी. साधी आणि हळू सुटणारी, दोन्ही गोळ्यांत औषध तेच असलं तरी एकीच्या जागी दुसरी चालत नाही. काउंटरवरच स्ट्रिप हातात घेऊन तीन गोष्टी जुन्या स्ट्रिपशी जुळवा: नाव, शेपटी, आकडा. मागे मोठी रांग असली तरी जुळवा.

चौथी गोष्ट कंपनी. ‘ताई, हे सेमच आहे, फक्त कंपनी वेगळी’ असं एका दुकानात मला सहज ऐकवलं गेलं होतं. तापाच्या गोळीला ते ठीक आहे. फिटच्या गोळीत रक्तातलं औषधाचं प्रमाण थोडं खाली-वर झालं तरी काही रुग्णांना फिट येऊ शकते किंवा चक्कर-झोप वाढू शकते. फेनिटॉइन आणि कार्बामाझेपिनच्या बाबतीत तर फारच जपा. याचा अर्थ स्वस्त जेनेरिक वाईट असा नाही. जनऔषधी केंद्रातून घ्यायची असेल तर डॉक्टरांना सांगून घ्या आणि मग दर महिन्याला तिथलीच घ्या. आज इथली, उद्या तिथली, हे नको.

स्ट्रिप संपायला दहा दिवस राहिले की पुढची आणा. गल्लीतल्या मेडिकलवर नसेल तर गोळे कॉलनीत होलसेलवाल्यांकडे बहुतेक मिळते, पण रविवारी सायंकाळी धावपळ करून काही हाती लागत नाही. बिल जपून ठेवा आणि मुदतीची तारीख बघा.

पैशांची ओढाताण असेल तर गोळ्या अर्ध्या करून पुरवू नका. डॉक्टरांना स्पष्ट सांगा. फेनिटॉइन, कार्बामाझेपिन, व्हॅल्प्रोएट, लेव्हेटिरॅसिटाम, क्लोबाझॅम, फिनोबार्बिटोन ही सगळी देशाच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत आहेत. त्र्यंबक रोडवरचं सिव्हिल, नाशिकरोडचं बिटको, कथड्यावरचं झाकीर हुसेन, यांतलं जे सरकारी रुग्णालय जवळ असेल तिथे केसपेपर काढून ती मिळतात का याची चौकशी करा. महात्मा फुले जनआरोग्य योजना ॲडमिट झाल्यावरच्या उपचारांसाठी आहे. दर महिन्याच्या गोळ्यांचा खर्च तिच्यातून निघेल असं धरून चालू नका.

लहान मुलांना सिरप असेल तर दोन गोष्टी. बाटली दर वेळी चांगली हलवा. फेनिटॉइनचं सिरप तळाशी बसतं. न हलवता दिलं तर सुरुवातीचे दिवस मुलाला नुसतं पातळ पाणी जातं आणि बाटली संपत आली की एकदम जास्त औषध. मूल झोकांड्या देत चालायला लागतं आणि घरच्यांना कळत नाही की अचानक झालं काय. आणि चहाच्या चमच्याने मोजू नका, सिरिंज किंवा मापाचं झाकण वापरा. स्वयंपाकघरातला कुठलाच चमचा दुसऱ्यासारखा नसतो.

४. गोळीची वेळ आणि गोळीची जागा

दिवसातून दोनदा असेल तर बारा तासांच्या अंतराने वेळ ठरवा. सकाळी आठ, रात्री आठ. मोबाइलचा अलार्म लावा, पण तो बंद करून ‘घेते थोड्या वेळात’ म्हणायची सवय लागते. आमच्याकडे स्ट्रिपच्या मागे मार्करने वार लिहितो: सो-स, सो-रा, मं-स, मं-रा. घेतली की नाही यावर वाद होत नाही, फोडलेली जागा समोर दिसते.

बाजारात सात खणांची प्लॅस्टिकची डबी मिळते. ती सोयीची असते, पण व्हॅल्प्रोएटच्या गोळ्या तिच्यात काढून ठेवू नका. हवेतला ओलावा त्या पटकन शोषतात. आषाढात, भिंतींना पोपडे आलेले असताना, अशी काढून ठेवलेली गोळी चिकट आणि फुगीर होऊन डबीच्या तळाला बसते, बोटाने उचलताना तिचं साल निघून येतं. अशी गोळी टाकून द्यायची. खायच्या क्षणीच स्ट्रिपमधून काढायची. कार्बामाझेपिनही दमट जागी कमजोर पडते. म्हणून बाथरूमचं कपाट आणि गॅसशेजारची फळी, दोन्ही बाद. बेडरूममधलं वरचं कपाट उत्तम, तेही लहान मुलांचा हात पोचणार नाही असं.

हळू सुटणारी गोळी कुटू नका, चावू नका. अर्धी करायची तरी डॉक्टरांनी सांगितलं असेल तरच. गिळता येत नसेल तर सिरप किंवा दुसरा प्रकार मागून घ्या. यातल्या काही गोळ्यांचं रिकामं कवच शौचातून बाहेर पडतं. ते पाहून ‘गोळी विरघळलीच नाही’ म्हणून घाबरायचं कारण नाही, औषध आधीच शरीरात गेलेलं असतं. जुलाब लागले असतील तर मात्र डॉक्टरांना कळवा.

५. डोस चुकला तर

आठवलं की घ्या. पुढच्या डोसची वेळ अगदी जवळ आली असेल तर तो सोडून पुढचा नेहमीसारखा घ्या. दोन एकदम घेऊ नका. हा सर्वसाधारण नियम झाला. तुमच्या गोळीसाठी तासांची हद्द किती, ते दुसऱ्या पायरीतल्या प्रश्नात लिहून घेतलेलं असेलच. लागोपाठ दोन डोस गेले असतील तर स्वतःच्या डोक्याने काही न करता फोन करा. त्या दिवशी गाडी, पोहणं, गच्चीवर चढणं बंद.

६. दुष्परिणाम: कोणते सोसायचे, कोणत्यांसाठी धावायचं

पहिले दोन-तीन आठवडे झोप येणं, डोकं जड वाटणं, थोडं मळमळणं बहुतेकांना होतं आणि पुढे कमी होतं. प्रत्येक औषधाची तऱ्हा निराळी. व्हॅल्प्रोएटने वजन वाढतं, केस गळतात, हात थरथरतात. फेनिटॉइनने हिरड्या सुजून दातांवर चढतात, म्हणून दोन वेळा ब्रश आणि दाताच्या डॉक्टरकडे फेरी. त्याची मात्रा थोडीशी वाढली तरी रक्तातलं प्रमाण एकदम उडी मारतं, मग डोळ्यांसमोर दोन-दोन दिसतं, तोल जातो. कार्बामाझेपिन आणि ऑक्सकार्बाझेपिनने रक्तातलं सोडियम उतरू शकतं, म्हाताऱ्या माणसांत जास्त.

लेव्हेटिरॅसिटामबद्दल थोडं वेगळं सांगते, कारण हल्ली ती फार लिहून दिली जाते. चांगली गोळी आहे, इतर औषधांशी तिचं फारसं भांडण नाही. पण काही जणांचा स्वभाव तिने पार बदलतो. गुणी मूल वस्तू फेकायला लागतं, शांत माणूस बायकोच्या अंगावर ओरडतो, कोणी उदास होऊन कोपऱ्यात बसतं. घरचे म्हणतात, ‘आजारपणाने चिडका झालाय’, आणि औषधाकडे कोणाचं लक्षच जात नाही. असं दिसलं तर पुढच्या तारखेची वाट बघू नका. जीव नकोसा झाल्याची भाषा निघाली तर माणसाला एकटं सोडू नका आणि त्याच दिवशी डॉक्टरांशी बोला. टेलीमानसची १४४१६ ही मानसिक आधाराची सरकारी मोफत लाइन रात्रीही चालू असते.

पुढची लक्षणं दिसली तर त्याच दिवशी दवाखाना, हातात स्ट्रिप घेऊन:

- अंगावर पुरळ, त्यातही ताप, तोंडात फोड, डोळे लाल असतील तर जरासुद्धा थांबू नका. कार्बामाझेपिन, फेनिटॉइन, लॅमोट्रिजिन यांच्या पहिल्या काही आठवड्यांत हा धोका जास्त असतो. पुढचा डोस डॉक्टरांशी बोलल्याशिवाय घेऊ नका.
- व्हॅल्प्रोएट चालू असताना सतत उलट्या, पोटात जोरात दुखणं, डोळे पिवळे, मूल सुस्तावून पडलेलं
- न थांबणारा रक्तस्राव किंवा कारण नसताना अंगावर काळे-निळे डाग
- चालताना एकाएकी तोल जाणं, बोलणं अडखळणं

रक्ताच्या तपासण्या डॉक्टर सांगतील तेव्हा करा. औषधाची रक्तातली पातळी मोजायची असेल तर नमुना सहसा सकाळच्या डोसच्या आधी देतात. लॅबमध्ये जाण्याआधी विचारून घ्या, नाहीतर आकडा उगाच चढा येतो. ईईजीला जाताना डोकं धुवून, तेल न लावता जा आणि ‘तपासणी आहे’ म्हणून गोळी स्वतःहून चुकवू नका.

७. दुसरं कोणतंही औषध घेण्याआधी

सर्दी-खोकल्याला गेलात तरी पहिलं वाक्य हेच: ‘फिटच्या अमुक गोळ्या चालू आहेत.’ काही प्रतिजैविकं, ट्रामाडॉलसारखी दुखण्याची गोळी, झोप आणणारी ॲलर्जीची औषधं फिटची शक्यता वाढवतात. क्लॅरिथ्रोमायसिनने कार्बामाझेपिनची पातळी चढते. टीबीच्या औषधांतलं आयसोनियाझिड काही फिटच्या गोळ्यांची पातळी वाढवतं, तर रिफाम्पिसिन उतरवतं. त्यामुळे टीबीचा कोर्स सुरू होताना न्यूरॉलॉजिस्टला कळवलंच पाहिजे. मेरोपेनेम हे इंजेक्शन व्हॅल्प्रोएटची पातळी झपाट्याने खाली आणतं, म्हणून ॲडमिट करताना चिठ्ठी दाखवायला विसरू नका.

दारू आणि या गोळ्या एकत्र जात नाहीत. वाईनच्या गावात राहतो म्हणून वाईन त्याला अपवाद नाही.

आणि पुड्या. ‘फिट मुळापासून बरी’ अशी पाटी लावून मिळणाऱ्या काही पुड्यांच्या तपासणीत फिनोबार्बिटोनसारखी ॲलोपॅथीचीच औषधं मिसळलेली सापडली आहेत. गुण येतो तो त्यामुळे. मात्रा किती, कोणाला माहीत नाही आणि पुडी संपली की जोराची फिट. गंडा-दोरा, देवीचं दर्शन, नवस यांच्या मी आड येत नाही. गडावर जा, नारळ वाहा. गोळी खिशात असू द्या, एवढंच.

८. फिट आलीच तर

घड्याळ बघा. घाबरलेल्या माणसाला एक मिनिट दहा मिनिटांसारखं वाटतं.

माणसाला कुशीवर वळवा, डोक्याखाली घडी केलेली ओढणी किंवा शर्ट, चष्मा काढा, गळ्याजवळचं बटण सैल करा. दातांत चमचा घालू नका, हातपाय दाबून धरू नका, पाणी पाजू नका. कांदा, चप्पल, हातात लोखंडी किल्ली यांपैकी कशानेही फिट थांबत नाही. बहुतेक फिट दोन-तीन मिनिटांत आपोआप थांबते आणि श्रेय त्या वेळी हातात असलेल्या किल्लीला जातं. पूर्ण शुद्ध येईपर्यंत शेजारी बसून राहा, तोंडात गोळीसुद्धा देऊ नका.

पाच मिनिटांवर गेली, शुद्ध येण्याआधी दुसरी आली, पाण्यात आली, डोक्याला मार लागला, बाई गरोदर आहे किंवा आयुष्यातली पहिलीच फिट आहे, तर १०८ ला फोन करा.

फिट थांबवायला डॉक्टर बऱ्याच जणांना नाकात मारायचा मिडाझोलामचा स्प्रे लिहून देतात. तो चिठ्ठीशिवाय मिळत नाही. किती फवारे, कोणत्या नाकपुडीत, किती मिनिटांनी, हे डॉक्टरांकडून मराठीत लिहून घ्या आणि तो कागद स्प्रेलाच रबरबँडने बांधा. शाळेतल्या बाईंना, कॉलेजच्या मैत्रिणीला, शेजारच्या काकूंना हे एकदा करून दाखवा. पाकिटात एक चिठ्ठी ठेवा: नाव, आजार, गोळ्या आणि मात्रा, घरचे दोन नंबर.

९. जागरण, उपास, शेत, कंपनी, वारी

झोप मोडणं हे फिटचं फार मोठं कारण आहे. आपल्याकडे ती मोडायला निमित्तं भरपूर.

दिंडोरी, निफाडकडे शेतीची लाईट कधी कधी रात्रीची असते. पाणी भरायला मध्यरात्री बागेत जाणं, विहिरीच्या काठावरून मोटार चालू करणं, हे काम घरातल्या दुसऱ्या कोणाकडे द्या. शेततळ्याच्या प्लॅस्टिकवर धडधाकट माणूस घसरला तरी वर येता येत नाही. फिट येणाऱ्याने तिथे एकट्याने जाऊच नये. सातपूर-अंबडला कामाला असाल तर थर्ड शिफ्टबद्दल डॉक्टरांचं पत्र घेऊन सुपरवायझरशी बोला आणि प्रेसवर, उंचीवर, उघड्या भट्टीजवळ काम करत असाल तर जागा बदलून मागा. हे सोपं नाही हे मला कळतं, कंत्राटी माणसाला तर मुळीच नाही. पण मशीनवर फिट येण्यापेक्षा ते बोलणं परवडलं.

उपासाच्या दिवशी गोळी घेतलीच पाहिजे, पाण्यासकट. औषधाने व्रत मोडत नाही, हे आपल्या जुन्या शास्त्रांतही सांगितलेलं आहे, सासूबाईंना तेच सांगा. निर्जळी उपास करूच नये. रोजे ठेवायचे असतील तर रमजानच्या बऱ्याच आधी डॉक्टरांना भेटा. सेहरी आणि इफ्तारच्या वेळांत काही जणांच्या गोळ्या बसवता येतात, सगळ्यांच्या नाही.

निवृत्तिनाथांच्या पालखीबरोबर त्र्यंबकहून पंढरपूरला चालत जाणाऱ्यांनी दिवसांच्या हिशेबापेक्षा आठवडाभर जास्त गोळ्या घ्याव्यात, निम्म्या आपल्या पिशवीत आणि निम्म्या दिंडीतल्या सोबत्याकडे. ट्रकमध्ये टाकलेल्या सामानात नको. २०२७ च्या सिंहस्थात पर्वणीच्या दिवशी पंचवटीकडचे रस्ते बंद असतील. त्या भागात राहणाऱ्यांनी महिन्याच्या गोळ्या आधीच भरून ठेवाव्यात. रामकुंडात उतरायचं तर हात धरायला माणूस हवा. तांब्याने अंगावर पाणी घेतलं तरी स्नान होतं.

घरात बाथरूमची कडी आतून लावायची नाही, दारावर ‘आत कोणी आहे’ अशी पाटी अडकवायची. गॅसवर मोठं पातेलं एकट्याने उतरवायचं नाही.

१०. मुली, लग्न, बाळंतपण

व्हॅल्प्रोएट गरोदरपणात चालू राहिलं तर साधारण दहातल्या एका बाळाला जन्मजात व्यंग असू शकतं आणि दहातल्या तीन-चार मुलांना पुढे वाढीच्या आणि शिकण्याच्या अडचणी येऊ शकतात. म्हणून मुलगी वयात येत असतानाच डॉक्टरांना विचारा: ‘हिला हीच गोळी ठेवायची का?’ आमच्याकडे अकरावीत बदल झाला, दोन गोळ्या काही काळ एकत्र चालवून, एक हळूहळू कमी करत. पण हे वाचून कोणी व्हॅल्प्रोएट आज रात्री बंद करू नका. गरोदर असल्याचं कळलं तरीही नाही. एकदम बंद केल्याने येणारी मोठी फिट आई आणि बाळ दोघांनाही धोक्याची. त्याच दिवशी फोन करा. मूल हवंय असं ठरताच, आधीच, भेटा. फॉलिक ॲसिडची मात्राही तेव्हाच ठरते.

कार्बामाझेपिन, फेनिटॉइन, फिनोबार्बिटोन चालू असताना गर्भनिरोधक गोळ्यांचा भरवसा कमी होतो, इमर्जन्सी गोळीचाही. लॅमोट्रिजिनचं उलटं, गर्भनिरोधक गोळीने तीच कमी पडू शकते. हे कोणी आपणहून सांगत नाही, विचारावं लागतं.

लग्न जमवताना आजार लपवण्याचा सल्ला हमखास मिळतो. लपवलं की सासरी गोळ्या लपून घ्याव्या लागतात आणि मग त्या चुकतात. हिंदू विवाह कायद्यात अपस्मार हे लग्नाच्या आड येणारं कारण होतं, ते १९९९ च्या दुरुस्तीने काढून टाकलं. ज्या घराला सांगून चालत नाही, तिथे ही मुलगी रात्री आठची गोळी कशी घेणार, हा साधा हिशेब करा.

११. गोळ्या बंद कधी? आणि गाडी?

‘अगं, वर्ष झालं फिट नाही, आता कशाला पोरीच्या पोटात ती औषधं?’ हे घरातलं मोठं माणूस प्रेमानेच म्हणतं. फिट येत नाही ती गोळी चालू आहे म्हणून. साधारण दोन वर्षं किंवा जास्त काळ एकही फिट आली नाही, तर डॉक्टर ईईजी, एमआरआय आणि फिटचा प्रकार बघून कमी करण्याचा विचार करतात. कमी करणंही काही महिने चालतं. काही प्रकारांत गोळी बरीच वर्षं, कधी आयुष्यभर लागते. बीपीची गोळी घेणाऱ्याला कोणी ‘अजून चालूच का?’ असं विचारत नाही.

कमी करण्याच्या काळात आणि त्यानंतरचे काही महिने गाडी नको. तसंही लायसनच्या फॉर्म नंबर १ मध्ये अपस्माराचा प्रश्न सरळ विचारलेला असतो आणि त्यावर आपली सही असते. खोटं लिहून पेठ रोडच्या आरटीओतून लायसन मिळेलही, पण द्वारका चौकात फिट आली तर आपल्याबरोबर दुसऱ्याचाही जीव जाईल. न्यूरॉलॉजिस्टला लेखी विचारा आणि ते ‘हो’ म्हणेपर्यंत स्कूटीची किल्ली घरातच राहू द्या. माझ्या लेकीने तूर्त सिटीलिंकचा पास काढलाय आणि बस उशिरा आली की तिची कुरकुर मला फोनवर ऐकावी लागते.